सुनेला राजधानी दाखवण्याची पद्धत

"राजधानी बघायला जाताय? मग पोर कडेवर घेऊन जा," असं शेजारच्या बीबीसारा आजींनी मला कुंपणावरून बजावलं होतं. "पोर घरी ठेवून जे जातात ना, त्यांना परत आल्यावर पाहुणे म्हणून चहा मिळतो." मी हसले. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आहे. एका बाईच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. (ती एक बाई आपणच असलो तर काय करावं, हे शेवटच्या वर्षापर्यंत शिकवत नाहीत.)

प्रत्येक नागरिकाने आयुष्यात एकदा तरी आपल्या देशाची राजधानी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. राजधानी पाहिल्याने देशप्रेम वाढतं, दृष्टी विशाल होते आणि बूट झिजतात. सीर नदीकाठच्या आमच्या गावात हे कर्तव्य विशेष गांभीर्याने पाळलं जातं. ते कधी पाळायचं याचाही काळ ठरलेला आहे. याबाबत मी आमच्या गल्लीपुरती एक छोटी पाहणी केली. ज्या जोडप्यांनी राजधानी पाहिली, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ती पहिलं मूल दूध सोडण्याच्या वयाला आलं तेव्हा पाहिली. दुसऱ्या मुलाच्या वेळी ती इच्छा कोणालाच झालेली दिसत नाही. तिसऱ्याच्या वेळी तर देशप्रेम पार आटतं. आणखी एक गोष्ट आढळली: ही सहल नेहमी सासू देते. आईने लेकीला राजधानी दाखवल्याची आमच्याकडे नोंद नाही.

माझ्या सासूबाईंचं नाव उलमेकेन. आमच्याकडे सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. लिहायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. माझा नवरा बेकझात हा त्यांचा थोरला मुलगा. तो त्यांना वहिनी म्हणतो.

यात चमत्कारिक काही नाही. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, असा जुना रिवाज आहे. आजी ते मूल आपल्या खोलीत नेते, कुशीत झोपवते, आणि ते तिला 'आपा' म्हणू लागतं, म्हणजे आई. मग मुलाचा बाप मुलाचा थोरला भाऊ ठरतो, आणि जिने त्याला जन्म दिला ती थोरल्या भावाची बायको. थोरल्या भावाच्या बायकोला वहिनीच म्हणणार. सगळं तर्काला धरून आहे. या रिवाजाला 'काळजाशी धरणं' असं नाव आहे. नाव इतकं मायेचं आहे, की त्याविरुद्ध तोंड उघडणारी बाई आपोआप बिनकाळजाची ठरते. कायदे करणाऱ्यांनी नाव ठेवण्याची ही हातोटी आमच्या म्हाताऱ्यांकडून शिकावी.

रिवाजाचे फायदे मी निःपक्षपातीपणे मान्य करते. मुलाला कधीही न ओरडणारी आई मिळते. आजीचे सांधे दुखायचे थांबतात. आणि तरुण आईला पूर्ण रात्रीची झोप मिळते, जी ती छताकडे बघत घालवते.

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. पण शिकलेल्या बाईला वाटतं, रिवाज म्हणजे दुसऱ्यांच्या घरात घडणारी गोष्ट.

सासूबाईंच्या खोलीत भिंतीवरच्या लाल गालिच्यावर एक फोटो टांगलेला आहे. तरुण सासूबाई आणि आता हयात नसलेले माझे सासरे, अल्मातीतल्या एका कारंज्यापुढे. राजधानी तेव्हा अल्मातीला होती. सासरे हसताहेत. सासूबाईंचे दोन्ही हात मात्र पुढे आलेले आहेत, काहीतरी उचलून घ्यायला निघाल्यासारखे, आणि हातांत काही नाही. लग्न होऊन आल्यापासून मी त्या फोटोवरची धूळ पुसत आले. फोटो काढणाऱ्याने हात कुठे ठेवायचे ते सांगायला हवं होतं, यापलीकडे माझ्या मनात काही आलं नाही. (माझ्या पदवीवर 'विशेष प्रावीण्य' असा शेरा आहे.)

तर एका सकाळी पीठ मळता मळता सासूबाई माझ्याकडे निरखून बघू लागल्या, मला ताप असल्यासारख्या.

"पेरीझात, तू राजधानी पाहिली नाहीस."

"पाहू की आपा. आनसार मोठा झाला की तिघं जाऊ."

"तान्ह्यांना सोसत नाही राजधानी. वारा असतो तिथे. शिवाय दूध सोडवायला हवंय त्याचं. तू डोळ्यांआड झालीस की दोन दिवसांत विसरेल."

"मला?"

सासूबाईंनी पिठाचा गोळा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "दुधाला गं."

बेकझातला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी एवढ्या प्रेमाने पाठवतेय तर जाऊन येऊ ना. तीन दिवसांचा तर प्रश्न." माझा नवरा मनाने फार चांगला आहे. एखादी गोष्ट प्रेमाने होत असेल तर ती कशाची होते आहे, हे तो विचारत नाही.

आनसारला दहावा महिना लागला होता. आम्ही आगगाडीत बसलो तेव्हा तो सासूबाईंच्या कडेवरून आमच्याकडे न बघता इंजिनाकडे बघत होता. सासूबाई त्याचा हात धरून हलवत होत्या आणि आम्हाला निरोप देत होत्या. तो निरोप त्याचा होता की त्यांचा, हे मला गाडी स्टेप्पेच्या गवताळ माळात शिरेपर्यंत ठरवता आलं नाही.

राजधानीबद्दल आता थोडं लिहायला हवं, कारण सहल तिची होती.

राजधानी पाहायला आलेल्या माणसाने आधी नातेवाईक पाहायचे असतात. इमारती रुसत नाहीत. स्टेशनवर बेकझातची आत्या राईखान उभी होती, सासऱ्यांची धाकटी बहीण. मी गाडीतून उतरता उतरता विचारलं, "आत्या, तो सोन्याच्या गोळ्याचा मनोरा इथून लांब आहे का?"

"मनोरा कुठे पळून चाललाय!" आत्याने माझी बॅग हिसकावून घेतली. "पंधरा वर्षं झाली मला इथे येऊन, मी तरी कुठे पाहिलाय? मटण उतू जाईल, चल."

मटण उतू गेलं नाही. नंतरच्या कुठल्याही घरी ते उतू गेलं नाही. आमच्याकडे नियम असा, की जेवणातलं उरलेलं पाहुण्याबरोबर बांधून द्यायचं आणि पाहुण्याने नाही म्हणायचं नाही. दुसरा नियम असा, की कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही. हे दोन नियम सुटे सुटे शहाणे आहेत. एकत्र आले की त्यांतून वाहतूकव्यवस्था तयार होते. राईखान आत्याने घोड्याच्या मांसाचं एक जाडजूड आतडं, भरून आणि निळ्या दोऱ्याने बांधून, आमच्या पिशवीत घातलं. ते आम्ही बेकझातच्या मामांकडे दिलं. मामींनी दुसऱ्या दिवशी ते चुलत आजीकडे पाठवलं. आजींनी ते आमच्याच पिशवीत घालून राजधानीतल्या नदीपलीकडच्या भाचीकडे रवाना केलं. अशा रीतीने निम्मी राजधानी फिरून ते परत राईखान आत्याच्या ओट्यावर येऊन पडलं. आत्याने निळा दोरा ओळखला. तिचे डोळे भरून आले.

"बाळांनो," ती म्हणाली, "सगळ्यांकडे जाऊन आलात!"

आमच्यापेक्षा त्या आतड्याने राजधानी जास्त पाहिली, असं माझं मत आहे. ते निदान पिशवीच्या तोंडातून बाहेर बघत होतं. आम्ही पाहिलेली राजधानी खालीलप्रमाणे: स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून दिसणारी वाहनतळं, प्रत्येक बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट, आणि मामांच्या मूत्राशयातल्या खड्याचा फोटो, जो त्यांनी उजेडाकडे धरून दाखवला. (खडा प्रेक्षणीय होता.)

तीन दिवस संपले. निघायच्या सकाळी सासूबाईंचा फोन आला. आता एवढं गेलाच आहात तर सासऱ्यांच्या मित्राला भेटून या, तो आजारी आहे. भेटलो. तो आजारी नव्हता. पण आम्ही आलोच आहोत म्हणून त्याने मेंढी कापली, आणि कापलेली मेंढी अर्धी टाकून जाता येत नाही. मग फोन आला, की अमक्याच्या सुनेला मुलगा झालाय, तोंड बघून या. दुसऱ्याचा मुलगा बघायला मला माझ्या मुलापासून आणखी दोन दिवस दूर ठेवणं, यातला विनोद सासूबाईंच्या लक्षात आला नसावा. किंवा आला असावा.

इकडे माझं दूध कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ते राजधानीतही आपल्या वेळेवर येत होतं. मी मामांच्या न्हाणीघरात नळ सोडून उभी राहायचे.

आनसारला मी रोज फोनवर बघत होते. पहिल्या दिवशी तो मला पाहून रडला. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने फोन चाटला. नंतर तो मला पाहून हसायचा आणि पुन्हा खेळायला वळायचा. आईला पाहून हसून खेळायला वळणारं मूल सुखी असतं, असं मी ज्या पुस्तकात वाचलं, ते लिहिणाऱ्या बाईंना गालिच्यांबद्दल काही माहीत नसणार. कारण एके दिवशी आनसारच्या मागे लाल गालिचा होता. आमच्या खोलीतला गालिचा निळा आहे. लाल गालिच्याच्या कोपऱ्यात थोडंसं कारंजंही दिसत होतं, आणि त्याच्याखाली पाळण्याची कमान.

"आपा, पाळणा तुमच्या खोलीत कसा?"

"तिकडे वारा लागतो गं त्याला."

(राजधानीतला वारा आमच्या मागे आमच्या खोलीपर्यंत पोहोचला होता, हे वाऱ्याच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.)

"आणि तो तुमच्याकडे बघून काय म्हणतोय?"

"काही नाही. बडबडतोय." आणि फोन बंद झाला. पण तो काय बडबडत होता ते मी ऐकलं होतं. दोन अक्षरं होती आणि दोन्ही स्वच्छ होती. आ. पा.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि जाहीर केलं, की मी आता मनोरा बघणार, मेंढ्या कापा नाहीतर जिवंत सोडा. राईखान आत्या दुखावली. तरीही तिने आमच्या पिशवीत निळ्या दोऱ्याचं आतडं घातलंच, वर भूक लागली तर म्हणून.

मनोरा खरोखर भव्य आहे. खाली पांढरं जाळीदार खोड, वर सोन्याचा गोळा. तिथल्या फलकावर त्याची गोष्ट लिहिलेली आहे, आणि ती आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असते, म्हणून कोणी वाचत नाही. मी वाचली. एक दैवी पक्षीण दरवर्षी जीवनवृक्षाच्या शेंड्यावर सोन्याचं अंडं घालते. दरवर्षी झाडाच्या मुळाशी राहणारा अजगर वर येतो आणि ते खातो. एवढंच. पक्षीण त्या वेळी कुठे असते याचा फलकावर उल्लेख नाही. माझ्या मते तिला कोणीतरी राजधानी बघायला पाठवलेलं असतं.

वर काचेतून सगळं शहर दिसत होतं. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"मला घरी जायचंय, बेकझात."

"अगं, आत्ता तर वर आलो."

"पाळणा त्यांच्या खोलीत आहे. तो त्यांना आपा म्हणतोय."

बेकझातने काचेवर बोटांनी थोडं वाजवलं. "मग? मी नाही वाढलो आजीच्या कुशीत? मला काय कमी पडलं?"

"तुला नाही पडलं. वहिनीला पडलं."

"वहिनीला काय..." आणि तो थांबला.

"त्या अल्मातीला गेल्या होत्या तेव्हा तू केवढा होतास?"

"रांगत असेन." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "एकदा विचारलं होतं मी तिला, अल्मातीत काय काय पाहिलंस म्हणून. म्हणाली, कारंजं."

"आणि?"

"आणि काही नाही. कारंजं."

एका बाईने येऊन आमचा फोटो काढून देऊ का विचारलं. नको म्हणायच्या आत तिने काढलासुद्धा. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. आवाजात लग्नघरासारखी घाई होती.

"पोर भिंत सोडून उभं राहिलं गं! शुक्रवारी दोरी कापायची म्हणते. सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही धावपळ करू नका, निवांत बघा राजधानी."

दोरी कापणं म्हणजे मूल चालू लागलं की त्याच्या पायांना काळी-पांढरी दोरी सैल बांधतात, एखादी चपळ बाई ती कात्रीने कापते, आणि मग मूल अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून आपली पहिली पावलं टाकत जातं. कापडाच्या दुसऱ्या टोकाला आई हात पसरून बसलेली असते. आईच. याबद्दल रिवाजात कुठेही संदिग्धता नाही.

"चल," बेकझात म्हणाला. पिशवी त्याने उचलली.

परतीच्या गाडीत आम्हाला वरचे बर्थ मिळाले, तेही दोन टोकांना. शुक्रवारी स्टेशनवरून आम्ही जवळजवळ पळत आलो. फाटकाबाहेर चपला-बुटांचा ढीग होता, म्हणजे पाहुणे आले होते. अंगणात पांढरं कापड अंथरलं होतं. एका टोकाला आनसार उभा, पायांत दोरी, काखेत हात घालून त्याला एका शेजारणीने धरलेलं. त्याच्यापुढे उकिडव्या बसलेल्या बीबीसारा आजी, हातात कात्री. (चपळ बाई म्हणून ऐंशीच्या घरातल्या आजींना का निवडलं, असं कोणी विचारू नये, गल्लीत त्यांच्याइतकी चपळ जीभ दुसरी नाही.) आणि कापडाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई. गुडघ्यांवर बसलेल्या, डोक्याला नवा रुमाल बांधलेला, दोन्ही हात पुढे. काहीतरी उचलून घ्यायला निघाल्यासारखे.

ते हात मी रोज पुसत आले होते. मी जे बोलायचं म्हणून सबंध गाडीभर घोकत आले, ते मला आठवेना.

बीबीसारा आजींनी मान वळवली. "पाहुणे आले," त्या म्हणाल्या. "चहा ठेवा कोणीतरी."

"अगंबाई!" सासूबाई हसल्या, पण हात तसेच. "बघ आनसार, कोण आलं! वहिनी आली, वहिनी!"

त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला तो शब्द कुठून कुठे चालला आहे ते कळत होतं. मी बेकझातकडे बघितलं. त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"आपा," तो म्हणाला.

सासूबाईंनी आनसारकडे बघितलं. त्यांना वाटलं तोच बोलला.

"आपा," बेकझात पुन्हा म्हणाला. शब्द त्याच्या तोंडात नवीन बुटांसारखा चावत होता. "इकडे बघ ना. मी आलोय."

मग सासूबाईंनी बघितलं. आमच्या पाहण्यात त्या कधी कुठल्या कामात चुकलेल्या नाहीत. पण त्या वेळी त्यांना उठताच येईना. एक हात जमिनीवर, एक हात पुढेच. बेकझात कापड तुडवत गेला (पांढरं कापड बुटांनी तुडवणं अशुभ असतं, कोणी काही बोललं नाही) आणि त्यांच्यासमोर बसला. तो चांगला धिप्पाड आहे. त्या दोन हातांत तो मावला नाही. त्यांनी त्याचं डोकं तेवढं धरलं.

"केवढा झालास रे," त्या म्हणाल्या, जणू आत्ता गाडीतून त्या स्वतःच उतरल्या होत्या, अल्मातीहून परत येऊन.

इकडे बीबीसारा आजींना रडारड सोसत नाही. त्यांनी कात्री चालवली. दोरी तुटली, शेजारणीने डोळे पुसायला हात सोडले, आणि माझा मुलगा चालू लागला. मी धावत कापडाच्या टोकाला जाऊन बसले. सासूबाईही भानावर आल्या, त्यांनीही एक हात पुढे केला. आनसारने आम्हा दोघींकडे पाहिलं, विचार केला, चार पावलं टाकली आणि उजवीकडे वळून थेट पिशवीशी गेला. निळा दोरा ओढून त्याने ते आतडं बाहेर काढलं आणि तोंडात घातलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठेपणी हा मुलगा भरपूर प्रवास करणार, असं सर्वानुमते ठरलं.

सासूबाईंनीच त्याला उचललं. त्याच्या तोंडातला दोरा काढला, नाक पुसलं आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. "घे," म्हणाल्या. "जड झालाय हं." संध्याकाळी त्यांनी पाळणा स्वतः ढकलत आमच्या खोलीत आणला. वाऱ्याचा विषय निघाला नाही.

या गोष्टीला आता काही महिने झाले. बेकझात त्यांना आपा म्हणतो. मधूनच जुन्या सवयीने 'वहि' एवढं निघून जातं आणि तो पुढचं गिळतो. सासूबाई ऐकू न आल्यासारखं करतात. मनोऱ्यावरचा आमचा फोटो त्यांनी कारंज्याच्या फोटोशेजारी टांगला आहे. त्यात माझे हात कुठे आहेत, ते मी सांगत नाही.

राजधानी दाखवण्याच्या पद्धतीविरुद्ध माझी तक्रार नाही, हे मुद्दाम नमूद करते. देशाने राजधानी हलवली तरी ही पद्धत हलली नाही, यावरून तिच्यात काहीतरी तथ्य असावं. आनसारचं लग्न व्हायला अजून वेळ आहे. पण मनोऱ्यावर मिळालेली रंगीत माहितीपत्रकं मी घडी न मोडता ठेवून दिली आहेत. सुनेला दाखवायला बरी. देशप्रेम वाढतं.

आता तुमचं. तुम्ही हे सगळं पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, मध्ये एकदाही न उठता वाचलंत. लहान मूल असलेल्या घरात एवढी शांतता आपोआप मिळत नाही, ती कोणीतरी दिलेली असते. "तू वाच निवांत, मी बघते त्याला," असं मघाशी कोण म्हणालं होतं? उठा आणि जरा बघून या. मूल हसत असेल, खेळत असेल, त्याची चिंता नको. पाळणा कुठल्या खोलीत आहे, तेवढं पाहा.